तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल लहानग्यासाठी पारखून कसा घ्यावा

श्रावणी अमावास्येला पोळा होतो आणि विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांच्या फळीवर उभा केलेला लाकडी नंदीबैल सजवायचा, त्याला दोरी बांधायची, ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट मिळवायची, हा त्या दिवसाचा सोहळा. ज्या घरात मूल नुकतेच चालू लागले आहे, तिथे हाच बैल बहुधा त्या मुलाचे पहिले ओढायचे खेळणे ठरतो. मात्र खरेदीला गेलेली मोठी माणसे बैलाचा रुबाब पाहतात. त्याची उंची, शिंगांचा डौल आणि रंगांची चकाकी पाहून बैल घरी येतो, दहा पावलांवर कलंडतो, सण सरला की कपाटावर चढतो आणि पुढच्या पोळ्यापर्यंत तिथेच राहतो. दीड वर्षाच्या मुलाला रुबाबाशी काही कर्तव्य नसते. आपण चाललो की बैल मागून येतो का, आणि पडल्यावर तो आपल्याला उभा करता येतो का, एवढेच त्याला हवे असते. वर्षभर घरात ओढला जाईल असा बैल कसा निवडावा, हे पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्या पालकांसाठी इथे क्रमाने सांगितले आहे. बैलाऐवजी बदक, हत्ती किंवा आगगाडी घ्यायची असली, तरी पारख याच रीतीने करता येते.

पहिली पायरी : मूल तयार आहे का

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार निरोगी मुले ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी आधाराविना चालू लागतात. हा पल्ला इतका मोठा आहे की केवळ वयावरून खेळणे ठरवणे चुकीचे होईल. आपल्याकडे चालायला शिकणाऱ्या मुलाला पांगुळगाडा देतात. तो पुढे ढकलायचा असल्यामुळे मूल आपला भार त्याच्यावर टाकू शकते आणि त्याची नजरही पुढेच राहते. ओढायच्या खेळण्यात हे सगळे उलटे असते. एक हात मागे अडकलेला, तोल दुसऱ्या हातावर आणि मान अधूनमधून मागे वळलेली, अशा स्थितीत मुलाला चालावे लागते, म्हणून पांगुळगाडा सुटल्यावर लगेच बैल हाती देऊन उपयोग होत नाही.

याची एक सोपी खूण आहे. हातात वाटी किंवा चेंडू घेऊन मूल खोली ओलांडते का आणि वाटेत थांबून, न बसता, वाकून जमिनीवरची वस्तू उचलते का, हे दोन-तीन दिवस पाहावे. हे जमत असेल तर ते ओढायला तयार आहे, आणि बहुतेक मुलांना हे पंधरा ते अठरा महिन्यांच्या आसपास जमते. जमत नसेल तरी बैल घ्यायला हरकत नाही. तोपर्यंत दोरी काढून ठेवावी आणि मुलाला बसून तो हाताने मागेपुढे फिरवू द्यावा. तोही पुरेपूर खेळच आहे.

दुसरी पायरी : सजावट उतरवायला सांगावी

दुकानातला बैल झूल, बाशिंग, घुंगरू, मण्यांच्या माळा आणि बेगड लावून मांडलेला असतो. हे सारे उतरवून बैल दाखवा, असे दुकानदाराला सांगायला संकोच करू नये. झुलीखाली फळीचे आणि पायांचे जोड झाकले जातात, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे आणि मोठे कारण असे की सजावटीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकण्याएवढी लहान असते.

‘लहान’ म्हणजे किती, याचे मोजमाप ठरलेले आहे. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिचा तळ तिरका असून खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. या नळीत जी वस्तू कोणत्याही एका बाजूने घातली असता, न दाबता पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देण्याजोगी नसते. अशी नळी घरी करता येते. जाड कागदाची अकरा सेंटीमीटर लांब आणि साडेपाच सेंटीमीटर रुंद पट्टी कापून, टोके एक सेंटीमीटर एकमेकांवर चढवून चिकटवावी. दहा सेंटीमीटर परिघाची ही नळी जवळपास त्याच मापाची होते. घुंगरू, मणी, बाशिंगाचे आरसे आणि सुटलेला लाकडी कान तिच्यात टाकून पाहिले की वेगळे काही सांगावे लागत नाही. सणाच्या दिवशी बैल अवश्य सजवावा, पण त्या दिवशी दोरीचे टोक मोठ्यांच्याही हातात असावे, आणि संध्याकाळी सजावट मोजून डब्यात ठेवावी.

तिसरी पायरी : बैल उलटा करून चाके पाहावीत

माझ्या मते निम्म्याहून अधिक पारख इथेच होते, आणि गिऱ्हाईक नेमके हेच पाहत नाही. स्वस्त बैलाचे चाक फळीच्या कडेत खिळा ठोकून बसवलेले असते. चाक त्या खिळ्याभोवती फिरत राहते, भोक हळूहळू मोठे होत जाते, खिळा सैल होतो, आणि एक दिवस चाक मुलाच्या एका हातात आणि खिळा दुसऱ्या हातात येतो. आमच्या घरी पहिल्या वर्षी आणलेल्या बैलाचे असेच झाले. खिळा मुलाच्या तोंडात जाण्याआधी दिसला, हे आमचे नशीब. म्हणून फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार गेलेला आस असलेला बैलच घ्यावा. आस लाकडी असो वा लोखंडी, त्याची दोन्ही टोके चाकाच्या बाहेर टोचतील अशी उघडी राहिलेली नसावीत.

त्यानंतर प्रत्येक चाक बोटाने फिरवून सोडावे. चांगले चाक दोन-तीन फेरे सहज घेते, पण आसावर डुगडुगत नाही. चाक बाहेरच्या बाजूला जोराने ओढून पाहावे. ते जरासे सरकले तर चालेल, निघता मात्र कामा नये. चाक आणि फळी यांच्यातली फट विशेष लक्ष देऊन तपासावी. अशी फट एक तर पाच मिलिमीटरपेक्षा कमी असावी, नाहीतर बारा मिलिमीटरपेक्षा जास्त असावी, असा खेळण्यांच्या मानकांतला नियम आहे, कारण मधल्या मापाच्या फटीत लहान बोट शिरते आणि अडकते. दुकानात त्याचे सोपे रूप वापरावे. फटीत पेन्सिल जात असेल, तर आपली करंगळीही तिथे मोकळेपणाने गेली पाहिजे.

मग बैल काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट जागेवर ठेवून कोपरे दाबावेत. तो टकटक करत डुलला तर चारही चाके एका पातळीत नाहीत, आणि असा बैल ओढताना एकीकडे वळत राहतो. सरळ जातो का ते फरशीच्या सांध्यावरून पाहता येते. सांध्याच्या रेषेवर बैल ठेवून हलकेच ढकलावा. दोन फरश्यांच्या अंतरात तो रेषा सोडून हातभर बाजूला गेला, तर मुलाला तो आयुष्यभर भिंतीतून बाहेर काढावा लागेल.

आता चाकाच्या आकाराविषयी. आपल्या घरांत बैलाला उंबरठा, चटईची कड, गोधडीचे टोक, न्हाणीघराची पट्टी असे कितीतरी चढ लागतात. चाक जेवढे लहान, तेवढा तोच चढ त्याला मोठा. चार सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला अर्ध्या सेंटीमीटरच्या कडेवर चढवायचे झाले, तर त्या चाकांवर जेवढा भार असेल त्याच्या नऊ दशांश इतकी आडवी ओढ लागते. चाक आठ सेंटीमीटरचे असेल, तर त्याच कडेसाठी सहा दशांशांहून कमी ओढ पुरते. मुलाच्या हाताला हा फरक ताबडतोब कळतो. लहान चाकाचा बैल कडेपाशी थबकतो, मूल हिसका देते आणि बैल तोंडावर आपटतो. घरभर फिरणाऱ्या बैलासाठी म्हणून मी सहा सेंटीमीटरपेक्षा लहान चाक घेणार नाही. चटईच्या जाडसर काठाची परीक्षा दुकानातही करता येते. वर्तमानपत्राची जाड घडी जमिनीवर ठेवून बैल तिच्यावरून ओढावा.

काही खेळण्यांत चाक फिरले की मान हलते, शेपटी उडते किंवा अंग डुलते. आसाला दिलेल्या वाकामुळे, किंवा आस चाकाच्या मध्याऐवजी थोडा बाजूला बसवल्यामुळे ही हालचाल मिळते. ती असेल तर खेळ फार खुलतो, कारण आपल्या चालण्याचे उत्तर बैल देतो, हे मुलाला उमगते. सहा सेंटीमीटर व्यासाचे चाक एका मीटरमध्ये पाचपेक्षा थोडे अधिक फेरे घेते, म्हणजे खोली ओलांडेपर्यंत बैल पंधरावीस वेळा मान हलवतो. पण गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर चाक फिरण्याऐवजी घसरते, आणि चाक घसरले की मानही थांबते. शहाबादी किंवा कोट्याच्या फरशीवर हा त्रास कमी होतो. घरात टाइल्स असतील तर चाकाच्या घेराला खोबण पाडून तिच्यात रबरी कडे बसवलेला बैल शोधावा, किंवा सुताराकडून तसे करून घ्यावे. नुसते वरून चिकटवलेले रबर मुलाच्या दातांना फार दिवस टिकत नाही.

चौथी पायरी : कलंडतो का

बैलाचा प्राणी म्हणून असलेला डौलच खेळणे म्हणून त्याची अडचण ठरतो. पाय उंच, वशिंड उंच, त्यावर शिंगे, आणि खाली मात्र अंगाच्या रुंदीची चिंचोळी फळी. मूल सरळ चालते तोवर ठीक असते. ते दाराशी वळले की दोरी बैलाला आडवी ओढते आणि तो आडवा होतो. याची परीक्षा अशी करावी. चाळीस सेंटीमीटर लांबीची फळी घ्यावी, बैल तिच्यावर आडवा, म्हणजे तोंड फळीच्या रुंदीकडे करून उभा करावा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. चाके घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूला पेन्सिल आडवी धरावी. टोक वीस सेंटीमीटर उचलले गेले म्हणजे फळी तीस अंशांत कललेली असते. तोवर बैल उभा राहिला, तर तो घरात क्वचितच पडेल.

हिशेब करून पाहिला तर रुंदीचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. वीस-बावीस सेंटीमीटर उंचीच्या भरीव बैलाचा भार जमिनीपासून अकरा सेंटीमीटरवर तोलला जातो असे धरले, तर तीस अंशांची परीक्षा पार करण्यासाठी डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर जवळपास तेरा सेंटीमीटर हवे. बाजारातल्या अनेक बैलांत ते याच्या निम्मेच असते. अशा वेळी दोन मार्ग आहेत. बुटका बैल घ्यावा, किंवा आवडलेला बैल घेऊन सुताराकडून त्याच्याखाली रुंद आणि जड फळी बसवून घ्यावी. फळी जाड घेतल्याने भारही खाली येतो. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात मुलाचा हट्टही राहतो.

एकूण वजनाचाही विचार करावा. अगदी हलका बैल दोरीच्या हिसक्याने उडतो, आणि फार जड बैल पायावर पडला तर दुखापत करतो. मूल मान किंवा पाठ धरून तो एका हाताने उभा करू शकेल, एवढे वजन योग्य समजावे. शक्य असेल तर मुलालाच दुकानात नेऊन आडवा बैल उचलायला लावावा.

पाचवी पायरी : दोरी

दुकानातली दोरी बहुतेक वेळा बदलावीच लागते. बारीक नायलॉनची दोरी मुलाच्या बोटांना कापते आणि तिची गाठ सुटता सुटत नाही. त्याऐवजी दीड-दोन सेंटीमीटर रुंदीची मऊ सुती पट्टी वापरावी.

लांबीच्या बाबतीत दोन्हीकडून धोका असतो. दोरी आखूड असली तर ती जवळजवळ उभी राहते, प्रत्येक पावलाला बैलाचे पुढचे पाय हवेत उचलले जातात आणि तो मुलाच्या टाचेला लागतो. दोरी लांब असली तर ती पायांत आणि गळ्यात अडकते. मुलाचा हात दोरी बांधायच्या जागेपेक्षा सुमारे तीस सेंटीमीटर उंच असेल, तर साठ सेंटीमीटरची दोरी तीस अंशांत राहते. एवढा उतार पुढची चाके चटईवर चढायला थोडी मदत करतो आणि बैलही उधळत नाही. याहून लांब दोरी ठेवू नये. दोरी बैलाच्या गळ्यात किंवा वेसणीत बांधण्याची रीत दिसायला सुंदर आहे, पण वळताना ती बैलाला उंचावरून आडवे ओढते. रोजच्या खेळासाठी ती फळीच्या पुढच्या कडेला, मधोमध, आरपार भोकातून ओवून पक्की करावी.

दोरीच्या टोकाला हात घालायचा फास कधीही ठेवू नये. टोकाला लाकडी मणी लावणेही टाळावे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या ओढायच्या खेळण्यांतील ३०० मिलिमीटरपेक्षा लांब दोरीला, गुंतून फास तयार होईल असे मणी किंवा अन्य वस्तू नसाव्यात, असे अमेरिकेचे एएसटीएम एफ ९६३ हे मानक सांगते, कारण मणी दोरीतच गुंततो आणि नकळत फास तयार होतो. पट्टीचे टोक दुमडून शिवले की मुलाच्या मुठीला पुरेशी पकड मिळते. पाळण्यात, अंथरुणात किंवा मोठे माणूस जवळ नसताना दोरीसह बैल मुलाजवळ राहू देऊ नये.

सहावी पायरी : शिंगे, कडा आणि रंग

शिंगांची टोके बोटाच्या पेराएवढी गोल असावीत. टोकदार शिंगांचा बैल तीन वर्षांपर्यंत घेऊच नये. पडलेल्या बैलावर मूल पडणे ही रोजची गोष्ट आहे. शिंगे आणि कान वेगळे करून भोकात चिकटवलेले असतात, म्हणून ते जोराने ओढून पाहावेत. प्रयोगशाळेत असे भाग ७० न्यूटनने, म्हणजे सुमारे सात किलोच्या भाराएवढ्या ओढीने तपासले जातात. घरी आकड्याचा वजनकाटा असेल तर त्याने तेवढी ओढ देता येते. कुसळे शोधण्यासाठी जुना नायलॉनचा मोजा हातात घालून बैलावरून सगळीकडे फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे पॉलिश पेपर मारावा.

रंगाच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही, कारण या वयाचे मूल शिंग, शेपूट आणि दोरी या तिन्ही वस्तू चघळते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या बैलाविषयी असा भरवसा धरता येत नाही. आजोबांनी बाबांना घेऊन दिलेला बैल नातवाला द्यावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण त्याचा रंग मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. तो घरी घासून काढण्याचाही प्रयत्न करू नये, कारण शिसे असलेच तर त्याची धूळ घरभर पसरते. तो बैल देवघराशेजारी उंचावर मानाने ठेवावा आणि पूजेला घ्यावा. नव्या बैलावर ओला पांढरा रुमाल दाबून चोळावा. रंग रुमालावर उतरला तर बैल परत करावा. बिनरंगी, नुसता घासून गुळगुळीत केलेला बैल मिळाला तर तो सर्वांत उत्तम.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे चिन्ह नाही म्हणून कारागिराचा बैल वाईट ठरत नाही, पण त्याची तपासणी करण्याचे काम आपल्यावर येते. कारागिराला रंग कोणता वापरला हे मोकळेपणाने विचारावे आणि शक्य तर डबा पाहावा.

सातवी पायरी : घरी आठवडाभर पाहणे

पहिल्या दिवशी बैल मुलासमोर ठेवून आपण दूर बसावे आणि ओढून दाखवण्याचा मोह आवरावा. मूल काय करते त्यावरून बैलाची खरी किंमत कळते. ते मागे न पाहता चालू शकते का, हे आधी पाहावे. चाकांचा खडखड आवाज होत असेल तर बैल मागून येत असल्याचे कानांना कळते आणि मान सारखी वळवावी लागत नाही, त्यामुळे मूल कमी पडते. म्हणून अगदी मुके, रबराने पूर्ण मढवलेले चाक मला खेळासाठी अपुरे वाटते. थोडा लाकडी आवाज राहू द्यावा.

दोरी सोडून मूल बैल ढकलते का, त्याला चारा घालते का, उचलून दुसऱ्या खोलीत नेते का, हेही पाहावे. नुसत्या ओढण्याने खेळ फार काळ टिकत नाही. फळीला मागे आकडा करून छोटी गाडी जोडली, की मूल तिच्यात चमचे, बटाटे आणि मोजे भरू लागते, आणि वर्ष-दीड वर्षाच्या पुढे तोच बैल नव्याने खेळता होतो. बैल पडल्यावर मूल दोन-चारदा स्वतः उभा करते आणि मग रडत मोठ्यांकडे आणते, असे रोज दिसले, तर चौथ्या पायरीकडे परत जाऊन फळी रुंद करावी.

दर महिन्याला बैल पुन्हा उलटा करून आस, चाके आणि दोरीचे शिवण तपासावे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून वैशाखात घट्ट वाटलेले चाक आषाढात अडकू शकते, आणि पावसाळ्यात पक्के वाटलेले शिंग एप्रिलमध्ये हाती येऊ शकते. अडकलेल्या चाकाच्या आसावर मेण चोळावे, तेल घालू नये. मूल ते चाटते. पोळ्याच्या आधी आठ दिवस ही तपासणी एकदा नीट करावी, म्हणजे सुताराला दुरुस्तीसाठी वेळ मिळतो.